मास्तर, तात्पर्य राहू द्या

सातवी-आठवीच्या पोरांना वर्गात पुस्तक वाचून दाखवावं, असं मी कुठं बोललो की दोन तऱ्हेची माणसं अंगावर येतात. पहिली म्हणतात, "एवढी घोडी झालेली पोरं, मिसरूड फुटायला आलंय, त्यांना काय वाचून दाखवायचं? ते बालवाडीला ठीक." दुसरी माणसं जास्त शहाणी असतात. ती म्हणतात, "वाचून दाखवा की, चांगलंच आहे. पण पुस्तक संस्कार करणारं पाहिजे." या दोघांशीही माझं भांडण आहे. पहिल्यांशी थोडं, दुसऱ्यांशी जास्त. पहिली माणसं पोरांना उपाशी ठेवतात. दुसरी ताट वाढतात, पण ताटात रोज औषधच वाढतात.

पहिल्यांचं आधी मिटवून टाकू. मोठ्या माणसांना वाचून दाखवणं ही आपल्याकडं काय नवलाची गोष्ट नाही. माझ्या लहानपणी श्रावण लागला की मारुतीच्या देवळात पोथी लागायची. कधी पांडवप्रताप, कधी हरिविजय, कधी नवनाथ. चौरंगावर पोथी, शेजारी कंदील. एकानं ओव्या वाचायच्या आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. ऐकायला कोण? दिवसभर भांगलण करून, कुळव मारून आलेली साठ-साठ वर्षांची माणसं. त्यातल्या निम्म्यांना सही येत नव्हती, पण अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की तंबाखू मळायचे हात थांबायचे. पटक्याच्या शेवानं डोळं पुसणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांना कुणी बाळ म्हणालं नाही. आणि अध्याय संपल्यावर कुणी उभं राहून असंही विचारलं नाही की, "वरील अध्यायातून आपणास कोणता बोध मिळतो?"

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड' १८८३ साली लिहून पुरा केला. छापून येण्याची वाट बघत ते बसले नाहीत. पुण्या-मुंबईत, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावांत त्यांनी तो लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही वाचून दाखवला. ज्या शेतकऱ्याबद्दल पुस्तक लिहिलं त्याला वाचता येत नाही, हे फुल्यांना पक्कं ठाऊक होतं. वाचता येत नाही म्हणून त्याला समजतही नाही, असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. आजच्या आपल्या शाळांना नेमकं हेच वाटतं.

'असर' नावाची पाहणी असते. तिच्या २०२३ सालच्या अहवालात देशातल्या २८ जिल्ह्यांमधल्या चौदा ते अठरा वयाच्या पोरापोरींची परीक्षा घेतली होती. त्यात सुमारे पाव हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता आला नाही. म्हणजे चौघांत एक. आता या पोराचं काय करायचं? त्याचं वाचन दुसरीचं आहे, पण अक्कल चौदा वर्षांची आहे. म्हशीची धार तो काढतो, मोटार चालू करतो, बापाची उधारी कुठं कुठं आहे हे त्याला तोंडपाठ आहे. आई रात्री कशानं रडली हेसुद्धा त्याला कळतं. त्याच्या हातात आपण चिमणी-कावळ्याचं पातळ पुस्तक देतो, कारण त्याला तेवढंच वाचता येतं. तो ते पुस्तक बाकाखाली टाकतो. आपण म्हणतो, बघा, वाचनाची आवडच नाही.

आवड नाही असं नाही. त्याचा अपमान झालेला असतो. त्याच्या वयाची, त्याच्या वकुबाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचायला आज एकच वाट मोकळी आहे, ती कानाची. ती वाटही आपण बालवाडीला दिली आणि वर कुलूप लावलं. म्हणून मी म्हणतो, वाचून दाखवायची खरी गरज पहिलीला जेवढी आहे, त्याहून आठवीला जास्त आहे. आणि आठवी हा काय साधा वर्ग नव्हे. गावची शाळा सातवी-आठवीला संपते. पुढं हायस्कूल दुसऱ्या गावाला, एसटीच्या भरवशावर. पोरीची शाळा इथंच सुटते. पोरगा इथंच रानात नाहीतर टोळीवर जातो. ज्यांची शाळा सुटणार आहे त्यांना चांगलं पुस्तक भेटायची ही शेवटची जागा आहे. या शेवटच्या दोन वर्षांत आपण त्यांच्या कानावर काय घालणार, हा प्रश्न मला बियाण्याच्या प्रश्नाएवढाच मोठा वाटतो.

आता दुसऱ्या माणसांकडं वळतो, ज्यांना संस्कार पाहिजेत.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मला शिक्षणप्रेमी म्हणून घेतलं होतं. शाळेला पुस्तकांसाठी थोडे पैसे आले. यादी करायला बसलो. यादीत काय होतं सांगतो. बत्तीस-बत्तीस पानांची थोर पुरुषांची चरित्रं, बोधकथा, नीतिकथा, सुविचार, सामान्यज्ञान, निबंध आणि पत्रलेखन. एकही पुस्तक असं नव्हतं की ज्याचं पान उलटल्यावर पुढच्या पानावर काय असेल हे आधी सांगता येणार नाही. मी म्हणालो, "यातलं वर्गात वाचून दाखवण्याजोगं एकही नाही. आनंद यादवांचं 'झोंबी' घ्या." तर एक सदस्य म्हणाले, "नको नको. त्यात बाप पोराला शाळंतनं काढतो, मारतो. असलं ऐकून पोरं उद्या आमच्या तोंडाला तोंड देत्याल."

मला हसू आलं आणि रागही आला. 'झोंबी' १९८७ चं पुस्तक, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. कागलच्या एका पोराची शिकण्यासाठी चाललेली झटापट त्यात आहे. बाप दुसऱ्याचा मळा फाळ्यानं करणारा. त्याला कामाला हात पाहिजे आणि पोराला शाळा पाहिजे. त्या बापाला पुस्तकात राक्षस केलेलं नाही. वाचणाऱ्याला कळतं की हा माणूससुद्धा कात्रीत सापडलेला आहे. आमच्या वर्गातल्या पोरांना हे कळणार नाही? त्यांच्यातली निम्मी सकाळी पाणी पाजून, शेण काढून शाळेत येतात. त्यांच्या घरी जे रोज चाललंय ते पुस्तकात आलं म्हणून पोरं बिघडत नाहीत. उलट, आपल्यासारखंच आणखी कुणीतरी होतं, आणि त्यानं यातनं वाट काढली, एवढं त्यांना कळतं. बापाचा राग पोराला पुस्तकानं येत नसतो. तो आधीच आलेला असतो. पुस्तकानं झालंच तर बापाची बाजू पण दिसते.

संस्कार, संस्कार म्हणून जे पुस्तक सगळ्यांत जास्त वापरलं जातं ते 'श्यामची आई'. मी त्या पुस्तकाच्या विरोधात एक अक्षर बोलणार नाही. पण ते कसं वापरलं जातं त्याच्या विरोधात बोलणार. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याची रचना बघा. त्यात धडे नाहीत, प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. ४२ रात्री. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईची एक-एक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक जन्मापासूनच ऐकायचं आहे, आणि रोज थोडं थोडं ऐकायचं आहे. आपण काय करतो? त्यातली एक रात्र तोडून घेतो, खाली पाच प्रश्न लावतो आणि 'आईबद्दल दहा ओळी लिहा' असं सांगतो. ज्या पोराची आई वर्षापूर्वी वारली आहे तोही बिचारा दहा ओळी लिहितो. ४२ रात्री सलग ऐकणारा वर्ग मला अजून भेटलेला नाही. त्या पुस्तकातली गरिबी, कर्ज, घरावर आलेली जप्ती, आईचं झिजत जाणं हे सगळं सलग ऐकल्याशिवाय कळतच नाही. आपण ते बाजूला ठेवलं आणि फक्त उपदेश गाळून घेतला. उसाचा रस ओतून द्यायचा आणि चिपाड चघळायला द्यायचं, असा हा प्रकार आहे.

तात्पर्य विचारण्याचं खूळ कुणी काढलं कुणास ठाऊक. पेरल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून कोंब आला का बघणारा शेतकरी तुम्ही बघितलाय का? गोष्ट कानावर पडली, आता तिचं काय व्हायचं ते होऊ द्या. ती चार दिवसांनी उगवेल, चाळीस वर्षांनी उगवेल, नाहीतर कुजून जाईल. पोरगं गोष्ट ऐकून गप्प बसलंय याचा अर्थ त्याला कळलं नाही असा नव्हे. बहुतेक वेळा फार कळलेलं असतं म्हणून ते गप्प असतं.

७२ च्या दुष्काळात मी सातवीला होतो. विहिरींना तळ लागला होता. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी, शाळेत सुकडी. त्या वर्षी आमच्या एका गुरुजींनी दुपारनंतर 'बनगरवाडी' वाचायला घेतलं. आमच्या माणदेशातलं पुस्तक. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, त्याची गोष्ट. त्यात शेकूला औताला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला खांदा देते. ते वाचलं त्या दिवशी वर्गात हूं का चूं झालं नाही. आणि शेवटी तर दुष्काळच येतो. मेंढरं घेऊन माणसं वाडी सोडून जातात, शाळा ओस पडते.

आजचे संस्कारवाले असते तर म्हणाले असते, दुष्काळात दुष्काळाचं पुस्तक कशाला वाचता? पोरांना धीर येईल असं काहीतरी वाचा. पण आम्हाला धीर त्या पुस्तकानंच आला. कसा, ते मला नीट सांगता यायचं नाही. आपल्यावर जे आलंय ते याआधीही आलं होतं, आणि कुणालातरी ते लिहून ठेवावं एवढं मोलाचं वाटलं, असं काहीतरी मनात आलं असावं. गोड बोलून धीर दिला असता तर आम्ही तो घेतला नसता. पोटात मिलोची भाकरी असलेल्या पोराला खोटं लगेच कळतं.

आता भाषेचं. काही शिक्षकांना माडगूळकर, शंकर पाटील, अण्णा भाऊ साठे वाचून दाखवायची भीती वाटते. पोरांची भाषा बिघडेल म्हणतात. मी असेही वाचणारे ऐकले आहेत की जे पुस्तकात 'न्हाई' असलं तर तोंडानं 'नाही' वाचतात, 'व्हय' असलं तर 'होय' वाचतात. त्यांना वाटतं आपण पुस्तक स्वच्छ केलं. आमच्या पोराला शाळेत पाऊल टाकल्यापासून एकच ऐकायला मिळतं, की तू बोलतोस ते चूक. सात वर्षं ऐकून ऐकून ते बोलायचंच बंद होतं. अशा पोराच्या कानावर एक दिवस छापलेल्या पुस्तकातून त्याच्या आजीचं बोलणं पडतं. ते चमकून वर बघतं. आपली आजी बोलते ते पुस्तकात छापतात, हे त्याला कळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! त्या एका घडीसाठी तुमचं सगळं शुद्धलेखन मी ओवाळून टाकीन. आणि प्रमाण मराठी त्यानं त्याला येणार नाही असं नाही. उलट त्यानंतरच तो प्रमाण मराठी शिकायला राजी होतो.

ही मंडळी ऐकण्यासाठीच होती, हेही विसरू नका. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव कथाकथन करत फिरले. लोक सतरंज्या टाकून बसायचे. मिरासदारांची 'व्यंकूची शिकवणी' किंवा 'माझ्या बापाची पेंड' ही कथा वर्गात वाचा आणि बघा, मागच्या बाकावरची पोरं कशी पुढं सरकतात. हसण्याच्या पुस्तकाला आपण दर्जाचं मानत नाही, हा आणखी एक रोग. ज्या वर्गात वर्षभरात एकदाही मास्तरसकट सगळे पोट धरून हसले नाहीत, तिथं गंभीर पुस्तक वाचायला घेऊच नये. पोरं आधी तुमच्यावर विश्वास टाकतात, मग पुस्तकावर.

इथवर वाचून आमच्या बाजूचे लोक खूश झाले असतील. खेड्यातल्या पोरांना खेड्याचंच साहित्य वाचा, असं त्यांचं म्हणणं असतं. तर आता त्यांच्याशीही भांडतो. खेड्यातल्या पोराला नुसतं खेडंच ऐकवणं म्हणजे त्याला दावणीला बांधणं आहे. त्याला घरातलं चूल-पोतेरं ठाऊक आहे, तसा समुद्रही दिसला पाहिजे, बर्फही दिसला पाहिजे. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या. त्यांचाच फास्टर फेणे. हा फुरसुंगीचा पोरगा पुण्यात जाऊन भल्याभल्यांना चकवतो. जपानची 'तोत्तोचान' मराठीत आहे. तिला एका शाळेतून काढून टाकलं, तेव्हा दुसऱ्या शाळेत ती गेली आणि तिथं वर्ग भरायचे आगगाडीच्या डब्यांत. आमच्या वर्गातल्या प्रत्येक वांड पोराला ही पोरगी आपली बहीण वाटते.

आणि वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली आलेलं हे पुस्तक शेतकऱ्याच्या पोराला वाचून दाखवायचं नाही तर कुणाला? अमेरिकेतल्या गुलामाच्या पोटी जन्मलेलं पोर. शिकण्यासाठी कुठं कुठं वणवण करतं, आणि पुढं शास्त्रज्ञ होऊन कापसानं नापीक झालेली जमीन भुईमुगानं सुधारायला शेतकऱ्यांना शिकवतं. मग भुईमूग एवढा पिकतो की त्याला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा हा माणूस प्रयोगशाळेत बसून त्याच शेंगेपासून नाना वस्तू बनवून दाखवतो. पीक भरमसाट आलं आणि भाव पडला, हे दुखणं आमच्या पोरांना कुणी समजावून सांगायला लागत नाही. टोमॅटो रस्त्यावर ओतलेले त्यांनी बघितलेत. सात समुद्रांपलीकडच्या एका काळ्या माणसाला तेच दुखणं होतं आणि त्यानं हातपाय गाळले नाहीत, हे ऐकताना पोरांचे डोळे कसे होतात ते मी बघितलंय.

पोरींसाठी वेगळं काय वाचावं असं विचारतात. वेगळं काही नको. पोरींचं पुस्तक पोरांनीही ऐकावं, हेच मुद्दाम करायला पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालेली बाई, शाळेचं तोंड न बघितलेली. नवऱ्यानं शिकवलं तेवढं शिकली आणि असं पुस्तक लिहून गेली की नव्वद वर्षं होत आली तरी ते ऐकताना शेजारीण बोलत बसल्यासारखं वाटतं. सोवळं-ओवळं, सासऱ्याचा जाच, नवऱ्याचं धर्मांतर, मग झालेली ताटातूट, सगळं हसत हसत सांगते. फलटणच्या बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्या. आठवीच्या वर्गात अशी एखादी पोर असतेच की जिला बघायला पाहुणे येऊन गेलेले असतात. तिला तुम्ही समोर बसवून उपदेश केला तर ती मान खाली घालील. पण लक्ष्मीबाईची गोष्ट ऐकताना ती मान वर करून ऐकते.

आता एक गोष्ट जपून सांगायची आहे. पुस्तक चांगलं असलं तरी ते कुठल्या वर्गात, कुणासमोर वाचतोय हे बघावं लागतं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या', दया पवार यांचं 'बलुतं' ही पुस्तकं मराठीतली मोठी पुस्तकं आहेत, आणि ती शाळेतल्या पोरांपर्यंत पोचलीच पाहिजेत. पण समजा वर्गात त्या समाजाचं एकच पोर आहे. तुम्ही जातीचं नाव वाचलं आणि वर्गातल्या साऱ्या माना त्या एका पोराकडं वळल्या, तर पुस्तक कितीही मोठं असलं तरी त्या दिवशी त्या पोराचं नुकसान झालं. म्हणून पुस्तक टाळा असं मी म्हणत नाही. टाळलं तर तेही त्या पोराला कळतं, की आपल्याबद्दलचं वाचायला मास्तर घाबरतो. म्हणून आधी 'फकिरा' वाचा. वारणेच्या खोऱ्यातला मांगाचा फकिरा उपाशी माणसांसाठी सरकारच्या अंगावर जातो. ते ऐकताना सगळ्या वर्गाला फकिरा व्हावंसं वाटतं. वर्गातल्या माना एकदा अभिमानानं वळू द्या. मग दुःखाचं पुस्तक वाचायला घ्या. तेव्हा ते पोर एकटं पडत नाही. हा क्रम सांभाळणं हे खरं मास्तरचं काम. ते कुठल्या यादीत लिहिलेलं नसतं आणि वरून येणाऱ्या परिपत्रकात तर नसतंच.

मग पुस्तक निवडायचं कसं? मला जे कळतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे, मास्तरनं ते पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं पाहिजे. हे सांगावं लागतं याचीच लाज वाटते. अर्धवट वाचलेल्या रानवाटेनं दुसऱ्याला घेऊन जाऊ नये.

दुसरं, दोन पानं मोठ्यानं वाचून बघावीत. डोळ्यांना चांगलं वाटणारं प्रत्येक पुस्तक जिभेला चालत नाही. जिथं वाक्य संपता संपत नाही, श्वास पुरत नाही, ते पुस्तक चांगलं असेल, पण ते एकट्यानं बसून वाचायचं आहे.

तिसरं, पुस्तकात अशी जागा पाहिजे की जिथं घंटा झाली तर पोरांनी ओरडावं, "सर, अजून एक पान!" ही ओरड आली नाही तर आठ दिवसांत पुस्तक बदला. रेटत नेऊ नका. नको असलेलं पुस्तक महिनाभर ऐकवणं ही शिक्षा आहे.

चौथं, एखादं पान त्या वर्गापुढं वाचण्याजोगं नसेल तर ते सोडावं. तो मास्तरचा अधिकार आहे. पण सांगून सोडावं. "इथली दोन पानं मी वाचत नाही, तुम्ही मोठे झाल्यावर वाचा," असं म्हणावं. चोरून गाळू नये. आणि ती दोन पानं वाचण्यासाठी चार पोरं पुस्तक मागायला आली, तर तेवढंच आपलं काम झालं.

पाचवं, वाचून झाल्यावर प्रश्न नाही, गुण नाहीत, निबंध नाही. पोरं आपणहून बोलली तर बोलू द्यावं.

मास्तरलोक म्हणतील, वेळ कुठं आहे? अभ्यासक्रम आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, निवडणुकीचं काम आहे. ते खरं आहे, खोटं म्हणणार नाही. पण हिशेब करून बघू. 'बनगरवाडी' हे लहान पुस्तक आहे, दीडशे पानांच्या आतबाहेरचं. सावकाश वाचलं तरी वीस मिनिटांत आठ-दहा पानं होतात. आठवड्याला तीन दिवस वाचलं तर दीड महिन्यात पुस्तक संपतं. वर्षाला अशी पाच पुस्तकं झाली तरी पुष्कळ. सहावी ते आठवी तीन वर्षांत पंधरा. आमच्या तालुक्यातल्या किती पदवीधरांनी आयुष्यात पंधरा पुस्तकं शेवटपर्यंत वाचली असतील, ते त्यांनी आपल्या मनाशी मोजावं.

१५ ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पोरं ओळीनं पटांगणात बसतात, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक देतात, फोटो काढतात, फोटो वर पाठवतात. मग पुस्तकं गोळा करून कपाटात. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. वर्षातला एक दिवस वाचन, ही गोष्ट वर्षातनं एकदा पाणी दिलेल्या डाळिंबासारखी आहे. बाग आहे असं फोटोत दिसतं.

आमच्याकडून दसऱ्यानंतर उसाला टोळ्या जातात. बरीच पोरं आईबापाबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. एक पोरगं असंच परत आलं. गणित विसरलं होतं, इंग्रजी तर मुळात नव्हतंच. वर्गात येऊन त्यानं बाईंना पहिली गोष्ट विचारली ती अशी, "बाई, त्या कार्व्हरला कालेजात घेतलं का मग?" बाईंनी पुस्तक जिथं सोडलं होतं, त्याच्या नेमक्या त्या जागेवर ते पोरगं पाच महिने उभं होतं. फडात, कोपीत, पहाटेच्या थंडीत. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा गळा दाटून आला होता.

त्या पोराला कुठल्या बोधकथेचं तात्पर्य पाच महिने पुरलं असतं, सांगा. पुस्तकाची यादी करायला बसाल तेव्हा हा एकच हिशेब मांडा. उद्या शाळा सुटली तर हे पुस्तक पोराबरोबर फडावर जाईल का, का शाळेच्या फाटकातच गळून पडेल? जे फाटकातच गळून पडणार आहे त्यावर शाळेचे पैसे घालू नका, आणि पोरांचा वेळ तर मुळीच घालू नका.